दहाव्याला कोण बोलणार

गोरक्षनं ‘फक्त दोन शब्द’ हा आपला नकलांचा कार्यक्रम बंद केला तेव्हा पुढच्या प्रयोगांची तिकिटं आधीच संपलेली होती. ही गोष्ट सन दोन हजारची. चालत्या दुकानाला स्वतःच्या हातानं कुलूप लावणारा माणूस नाशिकनं त्याआधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे शहराची मोठी गैरसोय झाली. कारण कळेना म्हणून रविवार कारंजावर एक कारण तयार करण्यात आलं, सिडकोत दुसरं, आणि पंचवटीत तर कारणं रोज सकाळी ताजी मिळू लागली, कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी. कोणी म्हणे त्याला मुंबईच्या सिनेमावाल्यांनी उचललं. कोणी म्हणे जिल्ह्याचे पुढारी आबासाहेब यांनी दम दिला. एका निवृत्त हेडमास्तरांनी मला खात्रीनं सांगितलं की त्याच्यावर करणी झाली आहे, करणाऱ्याचं नावही आपल्याला ठाऊक आहे, फक्त भिडेखातर आपण ते बोलत नाही.

मी त्या काळात एका स्थानिक वर्तमानपत्रात दर रविवारी लोकांना चिमटे काढायचो. गोरक्ष अधूनमधून मजकूर दाखवायला माझ्याकडे यायचा, म्हणून लोक मला विचारत. मी सरळ आबासाहेबांचं नाव सांगून मोकळा व्हायचो. खरं कारण इतकं साधं होतं की ते कोणाला पटलं नसतं.

त्यासाठी आधी दहाव्याबद्दल सांगायला हवं. माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी विधी होतो. गुरुजी पिंड मांडतात, कावळा येतो, महाराजांचं प्रवचन होतं. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे असतं. त्यानंतर माइक येतो. ज्याला निवडणूक लढवायची आहे, ज्याला सोसायटीवर जायचं आहे, किंवा ज्याला आपण अजून आहोत एवढंच दाखवायचं आहे, असा प्रत्येक जण उठतो आणि ‘मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं म्हणून श्रद्धांजली सुरू करतो. गेलेला माणूस बोलणाऱ्याच्या ओळखीचा असावा अशी अट नसते. ओळखीचा असला तर उलट अडचण होते, चांगलं काय बोलावं ते सुचत नाही.

आबासाहेब या प्रकारातले जिल्ह्याचे उस्ताद. एका सकाळी त्यांची जीप तीन-तीन गावांचे दहावे करायची. लग्न चुकलं तर चालेल, दहावा चुकता कामा नये, असं ते कार्यकर्त्यांना शिकवत. लग्नात कोणाचं लक्ष नसतं, दहाव्याला अख्खी भावकी एका जागी बसलेली असते.

गोरक्षचे वडील मंगळू हे सायखेड्याचे. झेंडू, शेवंती लावायचे आणि पहाटेच्या गाडीनं नाशिकला पाठवायचे. ते गेले त्र्याण्णव साली. दहाव्याला आबासाहेब आले ते आदल्या गावातल्या दहाव्यावरून, आणि तिथला मयत अजून त्यांच्या तोंडातच होता. त्यांनी मंगळूंना ‘आपले गंगाधरराव’ म्हणून श्रद्धांजली वाहिली. गंगाधररावांची द्राक्षं लंडनला गेली. गंगाधररावांची तिन्ही मुलं इंजिनियर झाली. चेअरमनच्या खुर्चीवर त्यांनी कधी डाग लागू दिला नाही. मंगळूंना एकच मुलगा, तोही बारावीला अडकलेला, आणि खुर्ची अशी त्यांच्या घरात नव्हतीच. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळ्यांनी डोळे पुसले, आणि शेवटी दोन मिनिटं उभं राहून गंगाधररावांच्या आत्म्याला शांती दिली. नेत्याला मध्ये थांबवून ‘साहेब, मेलेला वेगळा’ असं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

गोरक्षचे चुलते चिमाजीनाना पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते. तेही काही बोलले नाहीत. पुढे गोरक्षला त्यांनीच सांभाळलं.

घरी सुतक संपल्यावर गोरक्षनं एकदा चुलतीसमोर, म्हणजे सगुणाबाईंसमोर, आबासाहेब करून दाखवले. तोच खाकरा, तीच मान, तोच ‘गंगाधरराव’. सगुणाबाई रडल्या आणि हसल्या, दोन्ही एकदम. तिथून तो गणेशोत्सवात गेला, तिथून महेशच्या हाती लागला. महेशचा पंचवटीत मंडप आणि साउंडचा धंदा होता. लग्न, दहावा, प्रचारसभा, त्याच खुर्च्या, तोच कर्णा. त्यानं गोरक्षचा कार्यक्रम बसवला आणि कालिदास नाट्यगृहात लावला.

कार्यक्रमात गोष्ट अशी काही नव्हतीच. एक पुढारी दहाव्याला येतो आणि बोलतो. कधी तो समोर बसलेल्या जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहतो, कधी मयताच्या मुलाला तिकीट जाहीर करतो, कधी पिंडाकडे बघून ‘कार्यकर्ते अजून का आले नाहीत’ असं कावळ्यांबद्दल विचारतो. लोक खुर्चीतून खाली यायचे. कॅसेट निघाली, ती रिक्षांत वाजू लागली. लोकल केबलवर रविवारी दुपारी दाखवू लागले, तेव्हा मटण खाणारी घरं त्यासाठी जेवण लवकर उरकू लागली, याहून मोठा मान आमच्याकडे नाही.

एके दिवशी आबासाहेब स्वतः बघायला आले. महेशनं पोलिसांना सांगून ठेवलं. मी वहीपेन घेऊन गेलो, कारण व्यंगाला धार असते वगैरे गोष्टींवर माझा तोवर विश्वास होता. आबासाहेब कुटुंबासह पहिल्या रांगेत बसले आणि सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. शेवटी रंगमंचावर चढून त्यांनी गोरक्षला हार घातला आणि म्हणाले, “पोरानं आमचं दुकान उघडं पाडलं. आता आम्ही नवीन माल आणायचा कुठून?”

माल त्यांनी तिथूनच नेला. पुढच्या आठवड्यापासून ते खऱ्या दहाव्यांना गोरक्षची वाक्यं वापरू लागले, त्याच्याच पद्धतीनं थांबू लागले. लोक खूश. साहेब किती दिलदार, स्वतःवर हसतात. पुढच्या निवडणुकीत त्यांचं मताधिक्य वाढलं. व्यंगाची धार मी तेव्हाच पाहिली. तिनं त्यांची दाढी फार गुळगुळीत झाली होती.

मग आमंत्रणं यायला लागली. कळवणच्या एका घरानं निरोप धाडला, आमच्या अण्णांना हसतखेळत पोचवायचंय, गोरक्षभाऊंनी यावं. महेशला यात नवा धंदा दिसला. मंडप, साउंड आणि श्रद्धांजली, एकाच ठिकाणी. गोरक्ष नको म्हणत राहिला, पण नको म्हणण्याचीही लोक मजा घेऊ लागले होते. तो दुकानात जाऊन ‘पाव किलो शेंगदाणे’ म्हणाला तरी वाणी पोट धरायचा.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर चिमाजीनानांच्या छातीत दुखलं. नाशिकला दवाखान्यात ठेवलं, बरं वाटल्यावर घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी गोरक्षला फ्लॉवरच्या वाफ्याशी बोलावून घेतलं. हे सगळं मला गोरक्षनं नंतर सांगितलं, आणि सांगताना नानांच्या आवाजात सांगितलं नाही, तेव्हाच मी सरसावून बसलो.

“गोरख्या, तुझ्या बापाला आपण दुसऱ्याच्याच नावानं पोचवला,” नाना म्हणाले. “म्या समोर हुबा व्हतो. हात जोडून.”

“नाना, आता ते कशाला?”

“माझ्या येळेला आबासाहेब नको. तू बोल. मला माझ्या नावानं पोचव.”

“बोलेन.”

“पन कोनी हसायला नको.”

“नाय हसणार.”

“बोलून दाखव बरं.”

गोरक्ष वाफ्याच्या कडेला उभा राहिला. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, “आपले चिमाजीनाना...” सगुणाबाई गवत काढत होत्या, त्यांनी विळा टाकून तोंडाला पदर लावला. नाना स्वतः हसू दाबत होते, पण ते खोकल्यातून बाहेर आलं.

“बघ,” डोळे पुसत नाना म्हणाले. “मीच हसलो. बाकीच्याचं काय घेऊन बसला?”

गोरक्षला वाटलं, घरचे लोक आहेत, बाहेर असं होणार नाही. महिन्याभरातच शेजारच्या भागुबाई गेल्या. भाजीची पाटी घेऊन नाशिकला जाणारी बाई. लहानपणी तिनंच त्याला पहिल्यांदा बाजार दाखवला होता. तिच्या दहाव्याला गोरक्ष आपणहून उठला आणि म्हणाला, “भागुमावशीनं मला गवारीच्या पोत्यावर बसवून नाशिकला नेलं होतं.” घाटावर हशा पिकला. तो म्हणाला, “मी खरं सांगतोय.” आणखी हशा. त्यानं हात जोडून खाली बसायचं ठरवलं, तर टाळ्या.

लोक पांगल्यावर भागुबाईंची मुलगी स्नेहल त्याच्याजवळ आली.

“दादा, मी पण हसले,” ती म्हणाली. “आई जाऊन दहा दिवस झाले आणि मी सगळ्यांसमोर हसले.”

“ताई, मी हसवायला बोललो नव्हतो.”

“ते कळलं मला. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.”

दुसऱ्या दिवशी गोरक्ष महेशच्या दुकानात गेला. मीही तिथे होतो, आमच्या गल्लीतल्या सत्यनारायणासाठी खुर्च्या ठरवायला.

“कार्यक्रम बंद,” गोरक्ष म्हणाला.

“गळा बसला का? आठ दिवस सुट्टी घे, शेठ.”

“कायमचा बंद. नानांच्या दहाव्याला मला बोलायचंय.”

महेशनं हातातली पावती खाली ठेवली. “नाना गेले?”

“नाही. बरे आहेत.”

“मग म्हातारा जाईल तेव्हा बघू ना. त्या दिवशी प्रयोग ठेवणार नाही, शब्द देतो.”

“तेव्हा उशीर होईल. लोकांनी मला आधी विसरायला पाहिजे.”

महेश माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही समजवा. अख्खं नाशिक हसतंय आणि याला रडायचंय.”

“रडायचं नाहीये,” गोरक्ष म्हणाला. “नुसतं बोलायचंय. काका, लोक माणूस किती वर्षांत विसरतात?”

मी आबासाहेबांच्या मताधिक्याचा विचार करून म्हटलं, “नाशिकला पाच पुरतात. प्रत्येक निवडणुकीला सिद्ध झालेलं आहे.”

“नाना पाच काढतील का?”

महेशनं पावती पुन्हा हातात घेतली. आणि त्यानं सांगून टाकलं की म्हातारा चिवट आहे, तो आपल्या सगळ्यांच्या दहाव्याला चहा पिईल.

तर हे कारण. करणी नाही, सिनेमा नाही. एका माणसाला कंटाळवाणं व्हायचं होतं आणि मुदत त्याच्या हातात नव्हती.

कंटाळवाणं होणं सोपं नसतं. मी बरेच लेखक पाहिले आहेत ज्यांना ते आपोआप जमलं, पण गोरक्षला मेहनत करावी लागली. ओळखीनं त्यानं विंचूरच्या कांदा मार्केटात नोकरी मिळवली. लिलाव संपले की कर्ण्यावरून त्या दिवशीचे भाव सांगायचे, किमान, कमाल, सरासरी. पहिल्या दिवशी त्यानं कमाल भाव सांगितला आणि ट्रॅक्टरवर बसलेले शेतकरी खदखदून हसले. त्यात गोरक्षचा वाटा किती आणि भावाचा किती, हे ठरवणं अवघड आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हशा कमी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी नुसता आवाज ऐकून लोकांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. गोरक्षनं ही बातमी मला पेढ्यासारखी आणून दिली.

घरात त्याची बायको सुवर्णा वैतागली. “पूर्वी भांडलं तरी दोन मिनिटांत हसू यायचं,” तिनं माझ्याकडे तक्रार केली. “आता हे खरंच भांडतात हो. मुद्देसूद.”

तिकडे महेशनं दुसरा एक जण आणला, जो गोरक्षची नक्कल करून आबासाहेबांची नक्कल करायचा. तो चालला नाही. लोकांचं म्हणणं, आबासाहेब स्वतः फुकट चांगलं करतात.

आणि चिमाजीनाना ठणठणीत झाले. पुतण्यानं आपल्या मरणासाठी चालतं काम सोडलं याचं त्यांना ओझं वाटायचं. दर दिवाळीला गोरक्ष पाया पडला की ते ओशाळून म्हणत, “आजून येळ लागंल रे बाबा. तब्येत लय बरी हे.”

“लागू द्या नाना. माझंही अजून पक्कं नाय झालेलं.”

“कोन हसलं का?”

“मागच्या बुधवारी दोघं.”

“मग थांबतो,” नाना म्हणायचे.

ते दोन हजार सहाच्या मार्गशीर्षात गेले. सकाळी वाफ्याला पाणी सोडून आले, ओट्यावर टेकले आणि तिथेच संपले. लोक गोरक्षला विसरले होते का, हे आता कळणार होतं.

दहावा सायखेड्याच्या घाटावर झाला. मंडप महेशचाच होता. कावळ्यानं वेळ लावला नाही. महाराजांचं प्रवचन झालं आणि माइक सुरू झाला. गोरक्षनं निवेदकाला आपलं नाव आधीच सांगून ठेवलं होतं, पण आजी सदस्य आले, माजी सदस्य आले, भावी सदस्य आले, आणि गोरक्ष खाली खाली सरकत गेला. विंचूरला भाव सांगणाऱ्या माणसाला वर घेण्याचं काही कारण नव्हतं. प्रसिद्धी सोडली की माइकही जातो, हा हिशोब आमच्या दोघांच्याही ध्यानात आला नव्हता.

मग आबासाहेब आले. थकले होते, दोन जणांनी धरून आणलं. आता त्यांना नाव चिठ्ठीवर लिहून देत, त्यामुळे चिमाजीनानांचं नाव त्यांनी बरोबर घेतलं. बाकी सगळं गंगाधररावांचंच होतं. द्राक्षं लंडनला गेली. लोक मधूनमधून हसत होते, आबासाहेब योग्य तिथे थांबत होते. आणि मग त्यांचं लक्ष पहिल्या रांगेत हात जोडून उभ्या असलेल्या गोरक्षकडे गेलं.

“अरे, आमचे गुरुजी इथंच आहेत की,” आबासाहेब माइकवरून म्हणाले. “मंडळी, या पोरानं आम्हाला मोठं केलं. गोरक्ष, ये बाबा वर. नानांच्या आत्म्याला बरं वाटंल, ती आमची नक्कल एकदा होऊन जाऊ दे.”

घाटावर टाळ्या पडल्या. मागची माणसं पुढे सरकली. ज्यांनी मोबाइल घेतले होते त्यांनी ते बाहेर काढले. कोणीही काहीही विसरलेलं नव्हतं. पाच वर्षांचा माझा अंदाज फक्त पुढाऱ्यांच्या बाबतीत खरा होता.

गोरक्षनं माइक घेतला. चेहरे हसायच्या तयारीत होते.

“चिमाजीनानांनी द्राक्षं कधीच लावली नाहीत,” तो म्हणाला.

मोठा हशा झाला. आबासाहेबही हसले. गोरक्ष थांबला नाही, आणि त्यानं आवाजही बदलला नाही. विंचूरच्या कर्ण्यावरचा तो आवाज होता.

“ते फ्लॉवर लावायचे. फ्लॉवरला पाणी जास्त द्यायचे, सांगितलेलं ऐकायचे नाहीत. माझ्या बापाशी त्यांचं बांधावरून भांडण होतं. बरीच वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. आई गेली तेव्हाही नाना आमच्या घरात आले नाहीत, बांधावर उभे राहिले.”

मागे कोणीतरी हसला आणि मध्येच थांबला. दहाव्याला भावकीचं भांडण कोणी काढत नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“बाप गेला त्या दिवशी नाना घरात आले. मला म्हणाले, तुझे कपडे घे, घरी चल. बांधाचं ते परत कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. बांध अजून तिथंच आहे.”

घाटावर आता नदीपलीकडचा पंप ऐकू येत होता.

“नानांना साखर निघाल्यावर काकूनं त्यांचा गोड चहा बंद केला. ते घरी बिनसाखरेचा पिऊन शहाण्यासारखे उठायचे आणि शेजारच्या नवसाबाईंच्या ओट्यावर जाऊन गोड प्यायचे. रोज. चिमाजी लक्ष्मण असं त्यांचं नाव. एवढंच माझ्याकडे आहे.”

तो खाली बसला. टाळी नाही, हसू नाही, काही नाही. निवेदकानं मोठी सोय म्हणून सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं.

नंतर मंडपात चहा फिरला. लोक हळू आवाजात बोलत होते. “पयल्यासारखं नाय राहिलं त्याचं,” एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली. महेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काका, माणूस संपला हो. एक हशा आला नाही.” आबासाहेबांनी जीपमध्ये बसण्याआधी गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला आणि कार्यकर्त्याकडून पुढच्या दहाव्याची चिठ्ठी मागून घेतली.

बायकांच्या बाजूला सगुणाबाई बसल्या होत्या. हातातला चहा तसाच होता. त्यांनी गोरक्षला खुणेनं बोलावलं.

“बांधाचं कशाला काढलंस चार लोकांत?”

“खरं होतं, काकू.”

“आन चहाचं?”

“तेही खरंच आहे.”

“मला म्हाईत नव्हतं,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली. “नवसे.”

नवसाबाई दोन बायका सोडून बसल्या होत्या. त्या उठायच्या बेतात होत्या, पण उशीर झाला होता.

“किती घालायचीस?”

“काय गं?”

“साखर. किती घालायचीस त्यास्नी?”

नवसाबाईंनी कप खाली ठेवला. “म्या नको म्हनायची. ते आयकायचे का? हातानं डबा काढायचे.”

“आयकत नव्हतेच,” सगुणाबाई म्हणाल्या. “पन म्हनून रोज?”

“घरी नीट दिला असतास तर माझ्याकडं कशाला आले असते?”

“डाक्टरनी सांगितलं व्हतं.”

“डाक्टरचं आयकून कोन अमर झालंय?”

सगळ्या बायका आता तिकडे वळल्या होत्या. सगुणाबाईंचा आवाज चढला, नवसाबाईंचाही चढला, कोणीतरी म्हणालं की नाना आमच्याकडेही एकदा सणाला गुळाची पोळी मागून गेले होते, तेव्हा सगुणाबाईंनी त्या बाईलाही हिशोबात घेतलं. गोरक्ष खांबाला टेकून बसला आणि चहा पिऊ लागला. दहाव्याच्या मंडपात भांडण चाललं होतं, आणि ते चिमाजीनानांवरूनच चाललं होतं.